वर्तणूक : बरी

अकरावीत असताना माझं नाव एका गावात होतं आणि मी दुसऱ्या गावात. नाव नांदेड जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर, नांदेडहून माहूरकडं जाणाऱ्या रस्त्याला. आणि मी स्वतः लातूरला, एका क्लासच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर. आमच्याकडं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. क्लासवाले मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करून घेणार, आणि बोर्डाला लागतं म्हणून कुठल्या तरी कॉलेजात नाव घालून ठेवायचं. हजेरी तिथले लोक लावतात, प्रॅक्टिकलचे मार्कही तेच देतात. "पोरीनं फक्त परीक्षेपुरतं जायचं," असं क्लासच्या काउंटरवरच्या माणसानं सांगितलं तेव्हा अण्णांनी त्याला हात जोडले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. सातवीत त्यांची शाळा सुटली, म्हणून शाळेवर त्यांची जी श्रद्धा आहे ती शाळेत गेलेल्या माणसाची असूच शकत नाही. कॉलेज कुठं आहे, कसं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. देवाचा पत्ता कोण विचारतो?

लातूरबद्दल मी थोडक्यातच सांगते, कारण आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, आणि ते भुकेचं नव्हे. सोळा पोरींना मिळून एक संडास. न्हाणीच्या जाळीवर केसांचा गुंता, आणि तो काढायचा कुणी यावर भांडण. मेसच्या वरणात तरंगणाऱ्या अळीला पोरी बोटानं कडेला लावायच्या आणि जेवत राहायच्या, कारण डबा परत करायला जिना उतरला तर दहा मिनिटं जातात. भिंतीवर दर सोमवारी रँकचा कागद लागायचा. वरच्या वीस जणांची नावं हिरव्या शाईत, मधली निळ्या, खालची लाल. मी निळ्या शाईतली. पण घाणीला माणूस सरावतो. मीही सरावले होते, आणि अळी कडेला लावायला शिकले होते.

मग एका रविवारी सकाळी चाचणीला जाताना जिन्यात एक पोरगी ओकली. सकाळचे पोहे जसेच्या तसे. ती कठड्याला धरून खाली बसली, आणि मागून येणारी रांग तिला वळसा घालून उतरू लागली. वळशाला जागा नव्हती तिथं ओलांडून. सगळ्यांच्या हातात नोट्स, नजर नोट्समध्ये. मीही सलवार वर धरली आणि ओलांडलं. तिचं नाव मला माहीत नव्हतं. रँक माहीत होता, ती माझ्या वर चार होती. आणि ओलांडताना माझ्या मनात आलं ते असं: आज ही बसणार नाही, म्हणजे मी एक पायरी वर.

चाचणी सुटल्यावर पाहिलं तर चपलेच्या कडेला तिचे पोहे लागलेले होते. तीन तास मी ते पायाखाली घेऊन बसले होते. नळाखाली चप्पल घासता घासता मला ओकारी आली, आणि ती त्या पोह्यांची नव्हती. माझी मलाच किळस आली होती.

त्याच दुपारी अण्णांना फोन केला. गिरणी चालू होती, त्यामुळे सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"मला न्यायला या. मला शिकायचं न्हाई."

"तब्येत बरी हाय ना, बाई?"

"तब्येत बरी हाय. किळस आली."

"कशाची?"

"समद्याची."

तिकडं पट्ट्याचा आवाज थांबला. अण्णांनी गिरणी बंद केली होती. दळण अर्धं असताना ते कधी गिरणी बंद करत नाहीत. मग आईनं फोन घेतला आणि एकच वाक्य बोलली, "घरी बसलेली पोरगी पाव्हण्याला लई लांबून दिसती." तिचा अर्थ मला कळत होता. शाळा सोडली की वर्ष-दीड वर्षात कुठल्या तरी अनोळखी घरात भाकऱ्या थापायच्या. सतरा वर्षांची होते मी. पण त्या दिवशी मला तेही चाललं असतं, यावरून माझी अवस्था समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. क्लासच्या ऑफिसात त्यांनी विचारलं की पोरीची शाळा थांबवायची तर काय करावं लागतं. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "शाळा आमच्याकडं नाही काका. नाव जिथं आहे तिथं जा. दाखला ते देतील." अशा रीतीनं, मी कधीही न पाहिलेली शाळा सोडण्यासाठी ती पाहायला निघाले.

नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, तरी भुवयांत पीठ होतंच, ते कधी निघत नाही. गाडीला वेळ होता तर ते उठून गेले आणि पेढ्याचा बॉक्स घेऊन आले.

"नाव काढायला चाललोय, अण्णा. पेढे कशाला?"

"जिथं लेकराचं नाव हाय, तिथं मोकळ्या हातानं जाऊ नाही."

मी त्यांच्यावर चिडले, आणि तोंड फिरवून बसले. तो बॉक्स त्यांनी दीड तास मांडीवर धरला होता.

उतरल्यावर कॉलेज विचारलं तर पानपट्टीवाला म्हणाला, "कोणतं? मंडपवाल्याचं का?" तेव्हा कळलं की संस्था चालवणाऱ्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. कॉलेज म्हणजे पत्र्याच्या पाच खोल्या. 'प्रयोगशाळा' असं लिहिलेल्या खोलीत लग्नाच्या सतरंज्या रचलेल्या, आणि त्यांत कुठल्या तरी पंगतीचं वरण वाळून पापुद्रे धरलेलं. आंबूस वास बाहेरपर्यंत येत होता. कोपऱ्यात एक काचेची बरणी, तिच्यात पांढरा पडलेला बेडूक, आणि बरणीवर कुणीतरी प्लास्टिकच्या गुलाबांचा हार टाकलेला. याच खोलीत, कागदोपत्री, मी सहा महिने प्रयोग करत होते. हजेरीपटात माझे खाडे फक्त दोन होते, हे नंतर पाहिलं. कुठले दोन दिवस मी आजारी पडले होते ते त्यांनाच ठाऊक.

क्लार्क खिडकीत बसले होते. गालात गुटखा, त्यामुळे मान वर करून, तोंड जपत बोलायचे. अण्णांनी आमचं काम सांगितलं.

"आज न्हाई जमत. आज पटपडताळणी हाय," ते म्हणाले. पटपडताळणी म्हणजे पटावर जितकी नावं आहेत तितकी मुलं खरंच आहेत का, हे मोजायला वरून साहेब येतो ते. मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाले, "अकरावी सायन्स का? मग बरं झालं की. जा, बस वर्गात."

म्हणजे जिचं नाव काढायला आले होते त्या शाळेत मी त्या दिवशी पहिल्यांदा विद्यार्थिनी म्हणून बसले.

वर्ग गच्च भरला होता. पण बाकांवरची लेकरं संस्थेच्याच शाळेतली, आठवी-नववीची होती. गणवेशावरून ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना घरचे कपडे घालून यायला सांगितलेलं, आणि त्या बिचाऱ्यांनी घरातले चांगल्यात चांगले कपडे घातले होते. कुणाचा लग्नातला टिकल्यांचा घागरा, कुणाचं जाकीट. तेरा वर्षांची पोरं सतराची म्हणून बसवली होती आणि ती खूश होती, कारण तास नव्हते. मला त्यांचा राग आला नाही. ज्यानं त्यांना बसवलं त्याची शिसारी आली.

साहेब आले. जाड, घामेजलेले, सारखं मोबाईलकडं बघणारे. हजेरी घेऊ लागले. नाव पुकारलं की कुठून तरी 'हजर' असं येई आणि ते खूण करत. एकदा एका मुलाच्या नावाला पोरीनं 'हजर' म्हटलं, तरी खूण झाली. मग माझं नाव आलं. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "हजर." मीही म्हणाले, "हजर."

साहेबांनी मान वर केली. दोघींकडं पाहिलं. "दोघी हजर. बरं आहे," म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं.

मागून माझ्या पाठीत बोट टोचलं गेलं. टिकल्यांच्या घागऱ्यातली पोरगी कुजबुजत होती, "तुमी कशाला बोलल्या? ते नाव माझं हाय. मला सकाळीच सरांनी दिलंय."

सहा महिने ते नाव कुणीही उचलून वापरत होतं आणि मी, जिचं ते होतं, ते टाकून द्यायला आले होते. मला परत किळस आली, पण ती लातूरची नव्हती. लातूरच्या किळसेनं पळून जावंसं वाटत होतं. हिनं वाटलं की इथून हलू नये.

पहिल्या बाकावर एक मुलगी होती. धुऊन विटलेला कॉलेजचा गणवेश, केसाला तेल, पुढ्यात वही. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उभी राहून "हजर सर" म्हणाली. सगळ्या वर्गात उभी राहिलेली ती एकटीच. हजेरी संपल्यावर ती माझ्याकडं वळली.

"तुमी खऱ्या का?" तिनं विचारलं.

"हाव. पण नाव काढायला आले."

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मी रोज येते. वस्तीवरनं चालत. सर म्हणतेत, एकीसाठी काय घसा कोरडा करून राहू. दोघी असल्या तर..." मग ती वही उघडून बसली.

बाहेर आले तर ऑफिसात साहेबांसमोर बशी होती आणि बशीत आमचे पेढे. अण्णांनी बॉक्स खिडकीत दिला असणार, आणि क्लार्कनी तो तसाच फोडला. साहेब एक तोंडात टाकत, दुसरा हातात धरत सही करत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आमच्या घरात गिरणीमुळं कुणी वापरत नाही, पण मला त्या क्षणी तीच आठवली. अण्णा दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांना आधी आनंद झाला असावा, साहेबानं आपला पेढा खाल्ला म्हणून. मग त्यांची नजर वर्गातून बाहेर पडणाऱ्या त्या नटलेल्या लेकरांकडं गेली. अण्णा कमी शिकलेत, खुळे नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

साहेब गेल्यावर क्लार्क एकदम मोकळे झाले. खिडकीतून पिंक टाकली आणि म्हणाले, "नाव कशाला काढता? राहू द्या की पटावर. तुम्हाला यायचं न्हाई, आमाला बोलवायचं न्हाई. आमची तुकडी टिकते, तुमची पोरगी बारावी होऊन जाते. काढायचंच असलं तर कारण सांगा. पोरीचं असलं की मी 'घरगुती अडचण' लिहितो."

त्यांनी दाखल्याचा छापील कागद पुढं ओढला. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं होतं.

"काही लिहू नका," मी म्हणाले. "मी येणार हाय."

"कुठं?"

"हितंच. रोज."

त्यांना खरोखरच समजलं नाही. त्यांनी अण्णांकडं पाहिलं, जणू माझ्या डोक्यावर परिणाम झालाय की काय.

परतीच्या गाडीत अण्णांनी तिकिटं सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "तिथं शिकवतं कोन, बाई?"

"कुणीच न्हाई."

"मग?"

"मी घरी बसले तरी माझी हजेरी लागत राहील, अण्णा. दुसरी कुणी तरी हजर म्हणत राहील. मला ते बघवत न्हाई."

नांदेड आलं तेव्हा स्टँडवर न थांबता ते सरळ रिक्षाकडं चालू लागले, मावशीच्या घराकडं. मावशी नांदेडला राहते. तिच्याकडं मी राहावं आणि रोज गाडीनं जावं-यावं, हे तिच्या ओट्यावर उभ्या-उभ्या ठरलं. लातूरची फी बुडाली. त्यावरून आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

आता कुणाला वाटेल की यापुढं सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. पहिल्या आठवड्यात सर आम्हा दोघींना, मला आणि पहिल्या बाकावरच्या माझ्या नव्या मैत्रिणीला, म्हणाले, "घरी जा, अभ्यास करा, हजेरी मी लावतो." आम्ही गेलो नाही. ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसले तर आम्ही दारात जाऊन उभ्या राहिलो. मग वैतागून गाईडातून उतरवून देऊ लागले, आणि आम्ही मध्येच प्रश्न विचारला की पेन टेबलावर आपटायचे. भौतिकशास्त्राचे सर विमा विकायचे, त्यांनी आम्हाला विम्याचं जास्त सांगितलं. प्रयोगशाळेतल्या सतरंज्या आम्ही दोघींनी बाहेर ओढल्या आणि खाली मेलेली उंदरं निघाली, वाळून चपटी झालेली. ती मी झाडूनं भरली, ती मैत्रीण नाकाला ओढणी लावून सूप धरून उभी. त्या दिवशी मी जितकं ओकले तितकं लातूरला सहा महिन्यांत ओकले नव्हते. दुसऱ्या दिवशी सतरंज्या परत आत. पुढच्या आठवड्यात आम्ही परत बाहेर ओढल्या.

शेवटी प्राचार्यांनी अण्णांना फोन केला. हे मला अण्णांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं, म्हणून ते जसं सांगतात तसंच लिहिते. गिरणी चालू होती.

"तुमच्या मुलीबद्दल तक्रार आहे," प्राचार्य म्हणाले.

"काय केलं सर तिनं?"

"रोज येते हो."

"आं?"

"रोज येते! सुट्टी नाही की काही नाही. सर लोक बेजार झालेत."

अण्णांनी गिरणी बंद केली. दुसऱ्यांदा. मग शांतपणे म्हणाले, "येतीच हाय, तर शिकवा की."

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला आमच्या वर्गातली बाकीची साठ-सत्तर मुलं पहिल्यांदा कॉलेजात आली. चांगल्या गाड्यांतून, आईवडिलांसकट. नळ कुठंय, संडास कुठंय, हे सगळं आम्हा दोघींना विचारत होती, आणि आम्ही दाखवत होतो. पेपर सुरू झाला की खिडकीच्या पत्र्याखालून चिठ्ठ्या येत, घामानं भिजलेल्या, कधी कुणाच्या चपलेखाली येऊन चिकटलेल्या. एक चिठ्ठी माझ्या बाकाखाली आली. मी पाय उचलून घेतला. चिठ्ठी मागच्यानं वाकून घेतली आणि तोंडानं तिची घडी सोडवली. मी पेपर पूर्ण लिहिला. निकालात आम्हा दोघींचे मार्क वर्गात सगळ्यांत कमी होते. प्रॅक्टिकलला सगळ्यांना तीसपैकी एकोणतीस होते. आम्हाला एकवीस.

मग दाखले वाटले गेले. क्लार्कनी गठ्ठाच लिहून ठेवला होता, एकाच पेनानं, एका बैठकीत. मी खिडकीशी उभी असताना वरचे पाच-सहा उलटून पाहिले. 'वर्तणूक' या रकान्यात प्रत्येकाला 'उत्तम' होतं. ज्यांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं त्या सगळ्यांची वर्तणूक उत्तम. मग मैत्रिणीचा आला आणि खाली माझा. दोघींच्या रकान्यात 'बरी'.

मी विचारलं, "सर, आमचं असं का?"

त्यांनी गालातला गुटखा या बाजूचा त्या बाजूला केला. "बाकीच्यांनी कधी तरास दिला का?" म्हणाले. त्यांच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता, आणि मला त्याचीच सगळ्यांत जास्त घाण वाटली. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

अण्णांनी दाखला गिरणीत वाचला, बोट फिरवत. 'बरी'वर बोट थांबलं आणि तिथं पिठाचा ठसा उमटला. "पुसू नका," मी म्हणाले. त्यांनी पुसला नाही.

मी पुढं नांदेडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. मैत्रिणीनं नर्सिंगला नाव घातलं, आणि तिथंही ती उभं राहूनच 'हजर' म्हणते, असं हसत सांगते. माझ्या प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी माझा दाखला उलटसुलट करून पाहिला. आधी पिठाच्या ठशावर नख घासलं, मग रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडं संशयानं बघितलं.

"सगळ्यांचं उत्तम असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय भानगड केली होती?"

"काही नाही," मी म्हणाले. "रोज जात होते."